बंगल्यातली पऱ्हाटी

कपाशीची बोंडं फुटायला लागली की मला बरं वाटत नाही. घरातले म्हणतात, हवा बदलली, सर्दी झाली असेल. मीही हो म्हणते. दसरा उलटतो, पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटते आणि एके दिवशी सकाळी शेतावर गेलं की हिरव्यागार वावरात इथे तिथे पांढरं दिसू लागतं. खरं तर किती आनंदाची गोष्ट! आंजी गावाच्या पुढे आमच्या सगळ्या गावांचं वर्ष या पांढऱ्यावर उभं असतं. पण गेली दहा-बारा वर्षं ते पांढरं दिसलं की मला आधी आठवतो रंजनाचा डावा हात. मग दिवसभर घास गोड लागत नाही.

यंदाही वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही झाली. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, झाडापाशी पाच खडे मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिला कापूस तिथे ठेवायचा आणि मग वेचायला सुरुवात करायची, अशी आमच्याकडची रीत. पूर्वी मी हे सगळं हौसेनं करायची. आता दहीभात ठेवताना वेगळंच मनात येतं. जिच्या नावानं आपण हंगाम सुरू करतो, तिच्याही संसाराबद्दल गावानंच मत दिलं होतं. ते ऐकून तिचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी मत द्यायची आपली खोड काही गेली नाही. माझी तर नाहीच नाही.

दवानं भिजलेला कापूस वेचत नाहीत. ओला कापूस पिवळा पडतो. म्हणून बाया सकाळी लवकर शेतावर येत, पण ऊन वर येईपर्यंत धुऱ्यावर बसून राहत. कमरेला कापसासाठी ओटी बांधलेली, डोक्याला रुमाल, हातात कोणाच्या तरी डब्यातली भाकरीची चतकोर. तो अर्धा-पाऊण तास आमचा मालिकेचा. आम्ही सावडीनं एकमेकींच्या शेतात वेचायचो, त्यामुळे शेत बदललं तरी बाया त्याच असत. साठी ओलांडलेल्या भागाबाई, नुकती लग्न होऊन आलेली सुनीता, रंजना, मी आणि आणखी दोघी-तिघी. मी त्यांच्यात बी.ए. झालेली. माझं नाव त्यांनी ‘बी.ए.वाल्या वैनी’ असं ठेवलं होतं. चेष्टेत म्हणायच्या, पण मला ते आवडायचं, हेही कबूल करते.

त्या वर्षी संध्याकाळी नेमकी मालिकेच्या वेळेला लाईट जायची. रंजनाचं घर गावाच्या टोकाला, दवाखान्याच्या लाईनवर होतं, म्हणून तिच्याकडे तेवढी लाईट राहायची. इतक्या लांब रोज रोज दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला कोण जाणार? तेव्हा काल काय झालं ते रंजनानं पाहायचं आणि सकाळी धुऱ्यावर सांगायचं, असं आपोआपच ठरून गेलं. सांगायची मात्र अशी, की मालिका त्यापुढे फिकी पडावी. सासूचा आवाज वेगळा, नणंदेचा वेगळा. जेवणाच्या टेबलावर कोण कोणाकडे कसं बघतं, तेसुद्धा ती भाकरी बाजूला ठेवून करून दाखवायची. भागाबाई तर म्हणायच्या, “लाईट आली तरी म्या नाई पाहात. रंजीची गोठ आयकतो.”

मालिका एका मोठ्या घरातली होती. मजल्यावर मजले असलेला बंगला, गाड्या, सोन्यानं मढलेल्या बायका. त्या घरातल्या धाकट्या सुनेचा संसार बिघडलेला. तिला मालिकेत काहीतरी गोड नाव होतं, पण आम्ही तिला ‘धाकटी’ म्हणायचो आणि तिच्या नवऱ्याला ‘धाकटा’. तो तिच्याशी नीट बोलत नसे. चारचौघांत हसतमुख आणि खोलीचं दार लागलं की निराळाच. तो असा का वागतो, यावर आमचा अख्खा हंगाम चालला होता.

“त्याच्या मायनं त्याचं डोकं खाल्लं,” भागाबाईंचं म्हणणं. “पोट्टा मुळात चांगला हाय.”

“कायचा चांगला?” सुनीता उसळायची. तिच्या हातातला हिरवा चुडा तेव्हा अजून उतरला नव्हता. “म्या असती ना, तं दुसऱ्याच दिवशी बापाच्या घरी गेली असती.”

“हाव, जा! बाप बसला आहे वाट पाहात!” असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या.

मग माझी पाळी. मला माणसाच्या वागण्याची कारणं शोधायचा नाद होता. कॉलेजात एका बाईंनी सांगितलं होतं की पात्राच्या मनात शिरल्याशिवाय त्याच्यावर मत देऊ नये. ते मी मनावर घेतलेलं. मी सांगायची, धाकटा वाईट नाही, भित्रा आहे. थोरल्या भावासमोर त्याची बोलती बंद होते. बापानं लहानपणापासून त्याला कमी लेखलं. तो सगळा राग बायकोवर निघतो, कारण तिथे तो निघू शकतो. अशा माणसाला वेळ द्यावा लागतो. मी बोलत असताना रंजना माझ्याकडे टक लावून बघायची. सांगणारी ती होती, पण त्या वेळी ऐकणारी व्हायची.

“वैनी,” ती एकदा म्हणाली, “किती येळ द्या लागते अशा मानसाले?”

मी म्हटलं, “आता मालिका चालंन तेवढा!” पुन्हा हशा. त्या हंगामात आम्ही फार हसलो. आज त्यातला एकेक हशा मला वेगळा आठवतो.

रंजनाचा नवरा हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा. गोरा, सडसडीत, बोलायला मऊ. भजनात झांज वाजवायचा. रस्त्यात भेटला की “नमस्कार वैनी, साहेब बरे हायेत ना?” असं थांबून विचारायचा. गावात बायकोवर हात टाकणारे कोण, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचा आवाज चार घरं ऐकतात. याचं घर टोकाला होतं आणि याला आवाज चढवायची सवय नव्हती. त्याचं नाव आम्ही कधी त्या यादीत घेतलं नाही.

शुक्रवारची गोष्ट. दव जास्त होतं, ऊन उशिरा आलं, म्हणून आम्ही जास्त वेळ बसलो. रंजना त्या दिवशी पुढे वाकून बसली होती. पाठीला काही टेकू देत नव्हती. हे मला तेव्हा दिसलं होतं का, की नंतर मीच जोडलं? खूप विचार केला, सांगता येत नाही.

“काल तं लईच झालं,” तिनं सुरुवात केली. “धाकट्यानं धाकटीले मारलं.”

“अगं माय!” भागाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मालिकेत आजवर मारहाण झाली नव्हती.

“तो आला, जेवाले बसला. भाजीत मीठ कमी होतं. काही बोलला नाई. उठला, पऱ्हाटी घेतली अन् पाठीवर मारली. पोरगी पाहून राह्यली होती.”

पऱ्हाटी म्हणजे कापूस निघून गेल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं. आमच्याकडे ती उपटून घराशेजारी रचतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. प्रत्येकीच्या अंगणात पऱ्हाटीचा ढीग असतो. सुनीता फिसकन हसली.

“वैनी, बंगल्यात पऱ्हाटी कुठून आली वो?”

आम्ही अशा हसलो की विचारू नका. भागाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या बंगल्याच्या चकचकीत फरशीवर पऱ्हाटीचा ढीग, सोन्यानं मढलेली सासू चुलीत फुंकर घालते आहे, असं एकेक बाई जोडत गेली. रंजनासुद्धा हसली. “मालिकावाल्याइले काय समजते? काईबी दाखवते,” म्हणाली. खरं काय ते आमच्या पुढ्यात येऊन बसलं होतं आणि आम्ही त्याला मालिकावाल्यांची चूक समजलो.

हसणं ओसरल्यावर तिनं पुढचं सांगितलं. धाकटीनं पिशवी भरली. दोन साड्या, पोरीचे फ्रॉक, आधार कार्डं. पिशवी तांदळाच्या कोठीमागे ठेवली. उद्या सकाळी तो कामावर गेला की निघायचं, गिरडकडे भाऊ राहतो त्याच्याकडे. मालिकेतल्या बाईचा भाऊ परदेशात होता. गिरडचं नाव तिच्या तोंडून निसटलं तेही कोणाच्या कानाला टोचलं नाही. भागाबाईंनी उलट गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीकडे हात जोडले आणि म्हणाल्या, “बाबा फरीद सांभाळंन तिले.”

“मंग?” रंजनानं विचारलं. “आता थे जाईन का राहीन? तुमाले काय वाटते?”

मी पुन्हा सांगते, तिनं विचारलं. पुढे काय होणार ते सांगणाऱ्या बाईनं आम्हाला विचारलं.

भागाबाई म्हणाल्या, पोर लहान आहे, कुठं जाईल? भाऊ चार दिवस ठेवील, भावजय पाचव्या दिवशी ताट आपटेल. दुसरी म्हणाली, एकदाच तर मारलं, त्याला पस्तावा झाला असेल. सुनीता एकटीच म्हणत राहिली, जावं तिनं, जावंच. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. शेवटचा शब्द बी.ए.वालीचा असायचा. मला ऐटीत सांगायला एक मुद्दाही सुचला होता.

“थे काई जात नाई,” मी म्हटलं. “थे गेली तं मालिकाच संपली. मंग आपन काय पाहाचं? राहीनच थे. राहाच लागते तिले.”

सगळ्यांना पटलं. काहीजणी हसल्या. रंजनानं मान हलवली. “हाव,” ती म्हणाली, “हे बराबर हाये.” ऊन आलं होतं. आम्ही उठलो, आपापल्या पाती, म्हणजे कपाशीच्या ओळी, धरल्या आणि वेचायला लागलो.

रविवारी दुपारी मालिकेचे आठवड्याचे सगळे भाग पुन्हा दाखवायचे. त्या रविवारी लाईट होती. मी भुईमुगाच्या शेंगा फोडत टीव्हीपुढे बसले. तो पऱ्हाटीचा प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. गुरुवारचा भाग आला. बंगल्यात कोणाच्या तरी वाढदिवसाची मेजवानी होती. धाकटी कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती, एवढंच. मला वाटलं, चुकून बुधवारचा लावला असेल. पुढचा भाग आला, त्याच्या पुढचा आला. कोणी कोणाला मारलं नाही. कोणी पिशवी भरली नाही. तांदळाची कोठी त्या घरात नव्हतीच. माझ्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं आणि सुनीताचा प्रश्न कानात वाजायला लागला, बंगल्यात पऱ्हाटी कुठून आली वो.

कळलं. सगळं कळलं, आणि मी काहीही केलं नाही.

सोमवारी रंजना माझ्या शेजारच्या पातीला होती. दोन हातांवर मी होते तिच्यापासून. मी मनात वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याला काहीतरी अडचण निघत होती. ती नाकारेल. मला काही चुकीचं वाटलं असेल. त्याचा स्वभाव किती मऊ आहे. आणि सगळ्यात खरं कारण हे, की मी बोलले असते तर मला पुढे काहीतरी करावं लागलं असतं. तिला घरी आणावं लागलं असतं, त्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं, घरच्यांना समजवावं लागलं असतं. धाकट्याच्या मनात मी सहज शिरायची. या माणसाच्या अंगणात शिरायची माझी हिंमत नव्हती. मंगळवारीही ती शेजारीच होती. त्या दिवशी तिनं बंगल्यातली सासू इतकी छान करून दाखवली की मी स्वतःलाच सांगितलं, बघ, बरी आहे ती.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी पाय घसरून पडली आणि हात मोडला, असं तिच्या नवऱ्यानं भजनात सांगितलं. सगळे हळहळले. तिची लहान पोर सुनीताला सहज सांगून गेली की आईची पिशवी बाबांना कोठीमागं सापडली. म्हणजे पिशवी तशीच भरलेली होती. तिनं ती रिकामी केली नव्हती. जायचं तेवढं लांबणीवर टाकलं होतं.

हात नीट बसला नाही. डाव्या हाताची बोटं आजही मिटत नाहीत. महिन्याभरानं ती वेचायला परत आली तेव्हा आम्ही पाहिलं. कापूस दोन्ही हातांनी वेचायचा असतो. रंजना मोडक्या मनगटानं फांदी छातीशी दाबून धरायची आणि उजव्या हातानं बोंड मोकळं करायची. कोणीतरी विचारलं, मालिकेत पुढं काय झालं? “आता नाई पाहात म्या,” एवढंच ती म्हणाली.  भागाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या.

आता लाईट जात नाही फारशी. धुऱ्यावर बसणं तेवढं उरलं आहे, पण प्रत्येकीच्या कानात तिची तिची मालिका असते. दव सुकेपर्यंत सगळ्या आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून. कोणी कोणाला काही सांगत नाही. पूर्वी निदान बंगल्याचा आडोसा घेऊन विचारता तरी यायचं. आता आडोसाही गेला. मतं मात्र वाढली आहेत. मालिकेच्या तुकड्याखाली शेकडो जण लिहितात, हिनं त्याला सोडलंच पाहिजे, याची काही चूक नाही, हिलाच संसार करायचा नाही. मी त्या कॉमेंट वाचत बसते. बंगल्यात असू नये अशी एखादी वस्तू कुठे दिसते का, ते शोधते. मागे एकीनं लिहिलं होतं, तो रॉकेलच्या डब्याला हात लावतो तेव्हा तिनं पोरीला घेऊन दार उघडायला पाहिजे होतं. त्या भागात रॉकेलचा डबा नव्हता. खाली सात-आठ जणांनी हसरे चेहरे टाकले होते. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. कुठली कोण ती, मी तिला कशी गाठणार होते?

रंजना अजून आमच्याकडे वेचायला येते. पोरीचं लग्न झालं. नवरा आता पारावर बसतो, आल्यागेल्याला नमस्कार करतो. इतकी वर्षं मी हट्टानं तिच्या शेजारची पात धरते आणि तिच्या पातीतली उंचावरची बोंडं, जिथे तिचा हात पुरत नाही, वेचून तिच्या ओटीत टाकते. तीही दर हंगामात माझ्यासाठी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणते. माझ्यावर तिचा जीव आहे. मला ते सोसत नव्हतं. यंदा सीतादहीच्या दिवशी, बाकीच्या पुढे गेल्यावर, मी बोलून टाकलं. बरं वाटेल असं वाटलं असावं. तिला की मला, ते विचारू नका.

“रंजना, तो पऱ्हाटीचा भाग मालिकेत नव्हताच ना?”

तिचा हात बोंडावर थांबला. 

“तुमाले कसं ठाऊक?”

“रविवारी पुन्हा दाखवत होते. म्या सगळे भाग पाह्यले.”

“कोन्या रविवारी?”

“त्याच,” मी म्हटलं.

ती हळूहळू बोलायला लागली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “मले वाटे, बायाइले मालिकाच वाटली. त्याइले काय माहीत, असं म्हनो मी. म्हनून कोनाचा राग नाई धरला. एवढे वर्स तसंच म्हनत आली.” मग तिनं उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, रविवार, सोमवार, मंगळवार, आणि चौथ्या बोटाशी थांबून माझ्याकडे बघितलं.

“हात तं बुधवारी मोडला, वैनी.”

 तिनं ओटी सावरली, फांदी सोडली आणि पलीकडे, पार कडेच्या रिकाम्या पातीला गेली. तिथली झाडं उंच होती. वरची बोंडं तिच्या हाताला येत नव्हती. मी धावत गेले आणि फांदी खाली वाकवली. तिनं वळून बघितलं नाही.

“राहू द्या,” ती म्हणाली.